नाइट सिटी पायी: सहा आठवड्यांची भटकंती

‘मावशी, तू गेम खेळतेयस की शतपावली घालतेयस?’

भाच्याचं काही चुकलं नव्हतं. जेवणं आटोपली, भांडी झाली की रात्री दहा ते बारा त्याचाच उसना कंट्रोलर घेऊन मी बसायचे आणि नाइट सिटीच्या फुटपाथवरून चालत सुटायचे. गोळीबार नाही, मिशन नाही. नाइट सिटी म्हणजे ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेममधलं शहर. गेम आला २०२० च्या डिसेंबरात. त्याच्या कथेवर आणि वेगवेगळ्या शेवटांवर लोक इतकं बोललेत की मी त्यात भर घालण्यात अर्थ नाही. मला त्यातलं शहर बघायचं होतं. जन्म लालबागचा, त्यामुळे नवी वस्ती बघायची तर स्टेशनला उतरायचं आणि चालायला लागायचं, एवढीच रीत मला ठाऊक. दर आठवड्याला शहराचा एक भाग, असं पहिल्या पावसात ठरवलं. तसं अर्थातच झालं नाही. एकट्या काबुकीत दोन आठवडे गेले आणि हेवूड एका रविवारी उरकलं.

आधी तयारीचं बोलते, कारण माझे पहिले चार दिवस त्यात फुकट गेले. गेमला ७० जीबी जागा लागते आणि ती एसएसडीवरच, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवरच हवी. मी काटकसर म्हणून जुन्या हार्ड डिस्कवर टाकला. मी चौकात पोचायचे, चौक मागून यायचा. दुकानांच्या पाट्या पाण्यात कालवल्यासारख्या दिसायच्या. भाच्याने कपाळाला हात लावला, एसएसडी बसवली आणि शहर जागेवर आलं. दुसरं म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन कोपऱ्यातला मिनिमॅप, म्हणजे वाट दाखवणारा छोटा नकाशा, बंद करा. तो चालू असला की डोळे त्या पिवळ्या रेषेवर खिळतात आणि दोन्ही बाजूंनी शहर निघून जातं. तिसरं, कंट्रोलर मिळत असेल तर घ्या. काठी हलकीच ढकलली की माणूस माणसासारखा चालतो. आणि हत्यार आत ठेवा. हातात बंदूक दिसली की रस्त्यावरचे लोक घाबरून पळतात, मग बघायला उरतं काय?

सुरुवात वॉटसनपासूनच होते, कारण तुम्हाला दुसरीकडे जाताच येत नाही. गोष्टीतली पहिली मोठी चोरी होईपर्यंत या भागाला पोलिसांची नाकाबंदी असते. मी एका पुलावरून हळूच निसटून बघितलं. दहा सेकंदांत खलास. नादी लागू नका, वॉटसनमध्ये आठवडाभर पुरेल इतकं आहे.

तुमचं घर लिटल चायनामधल्या मेगाबिल्डिंग एच-१० मध्ये. बाहेरून हा नुसता काँक्रीटचा ठोकळा. आत मात्र मधोमध मोकळा चौक, त्याच्या भोवताली गॅलऱ्या, तिथेच बंदुकांचं दुकान, तिथेच बॉक्सिंगचा सराव. आमच्या चाळीच्या चौकात कॅरम, पिठाची गिरणी आणि भांडणं एकत्र नांदायची, तोच प्रकार. बहुतेक लोक लिफ्टने सरळ खाली जातात. तुम्ही आधी तुमच्या मजल्यावर एक फेरी मारा.

काबुकी हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. इथला बाजार गोल आहे, मध्ये टपऱ्यांची गर्दी आणि चहूबाजूंनी चढत गेलेल्या इमारती. डोक्यावर वायरींची जाळी, खाली कुणी शरीरात बसवायचे सुटे भाग विकतंय, कुणी शेवया उकळतंय. लॅमिंग्टन रोडला मदरबोर्ड शोधत फिरलेल्या माणसाला इथे वाट विचारावी लागणार नाही. दिवसा जाऊ नका, बाजार मरगळलेला वाटतो. मेनूमध्ये वेळ पुढे ढकलायची सोय आहे, ती वापरून संध्याकाळी सातनंतरची वेळ लावा. पाऊस लागला तर नशीब समजा. निऑनच्या पाट्या ओल्या डांबरात उलट्या उतरतात आणि शहर दुप्पट होतं. इथे मी पंधरा मिनिटं एका टपरीसमोर नुसती उभी राहिले होते. टपरीवाल्याकडे बोलायला दोनच वाक्यं आहेत, तेवढी अपेक्षा ठेवूनच जा.

काबुकीच्या उत्तरेला नॉर्थसाइड, म्हणजे कारखान्यांचा पट्टा. बराचसा ओस पडलेला. गंजके पाइप, उंच चिमण्या, तुटकी जाळीची फाटकं, त्यापलीकडे गोदी. एका रात्री मी अशाच एका फाटकापाशी थांबले होते. आई मागे औषधाच्या गोळ्या शोधत होती. ती थबकली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, ‘ही गिरणी कधी बंद पडली गं?’

बाबा गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा आईचं नुकतंच लग्न झालेलं. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर घड्याळ विकत घ्यावं लागलं, असं ती सांगते. आता आमच्या खिडकीतून दिसणारी एक चिमणी टॉवरांच्या मध्ये शोभेला म्हणून ठेवलीय. मी तिला सांगितलं की हे खोटं शहर आहे, पोलंडमधल्या एका कंपनीने रचलेलं. तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं. ‘असेना. फाटकाला कुलूप आतून लावलंय बघ. म्हणजे आत कुणीतरी आहे.’

होतं. मेलस्ट्रॉम नावाची टोळी. चेहऱ्याच्या जागी लाल दिवे बसवलेली माणसं. टोळ्यांच्या अड्ड्यापाशी रेंगाळलं की ते आधी दरडावतात, मग गोळ्या घालतात. मी आईशी बोलत उभी राहिले आणि मेले. तेव्हा सूचना अशी: नॉर्थसाइड आणि पॅसिफिका, या दोन ठिकाणी शिरण्यापूर्वी स्वतः सेव्ह करा. चकमक सुरू झाली की सेव्ह होत नाही.

नाकाबंदी उठली की मेट्रो घ्या. या मेट्रोची कथा ऐकून मुंबईकराला गहिवरून येईल. गेम निघायच्या आधीच्या जाहिरातीत गाडी दिसत होती, गेममध्ये स्टेशनंही बांधलेली होती, पण प्रवास काही करता येत नव्हता. तो सुरू झाला २०२३ च्या डिसेंबरात, २.१ अपडेटमध्ये. म्हणजे तीन वर्षं उशीर. आपल्या मानाने वेळेआधीच म्हणायचं. १९ स्टेशनं आहेत. गाडीत बसल्यावर प्रवास वगळून थेट पोचायचा पर्याय येतो, त्याला हात लावू नका. खिडकीपाशी बसा. मार्ग बराचसा उन्नत आहे, त्यामुळे आपली मोनोरेल वडाळ्याकडे जाताना लोकांच्या घरात डोकावायची, तसंच इथेही होतं. त्याच अपडेटपासून चालताना आणि मेट्रोतही रेडिओ ऐकता येतो. मी तो बंदच ठेवायचे.

सिटी सेंटर एका संध्याकाळचं काम. कॉर्पो प्लाझाच्या चौकात उभं राहून मान वर करायची, होलोग्रामचे प्रचंड मासे हवेत पोहताना बघायचे, मान दुखली की परत फिरायचं. सुट्टीच्या दिवशी बीकेसीत गेल्यासारखं वाटतं. सगळं चकचकीत आणि आपलं तिथे काही काम नाही.

वेस्टब्रुकमध्ये लोक जपानटाउनसाठी जातात. जावंच. चेरी ब्लॉसम मार्केटची गल्ली सुंदर आहे. पण जिग-जिग स्ट्रीट ही तसल्या धंद्याची गल्ली आहे, आणि मला कुणीच सावध केलं नव्हतं. मी तिथल्या पाट्या वाचत असताना आई हळदीचं दूध घेऊन आली. मी कंट्रोलर टाकून मॉनिटरसमोर उभी राहिले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी! गेम प्रौढांसाठीच आहे, घरात लहान मुलं असतील तर त्यांना यापासून लांब ठेवा. मोठ्यांचीच अडचण असेल तर सेटिंग्जमध्ये नग्नता झाकायचा पर्याय आहे. मला तो दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यापेक्षा वर टेकडीवर नॉर्थ ओकला जा. श्रीमंतांचे बंगले, रुंद रिकामे रस्ते, आणि त्यातच अस्थी ठेवायचं एक मोठं स्थान. ओळीने कोनाडे, प्रत्येकावर नाव. खाली शहरात कुणाला मरायला सवड नाही आणि मेल्यावर मात्र मलबार हिलसारख्या पत्त्यावर जागा. काही नावं ओळखीची निघतील, कोणती ते सांगत नाही.

हेवूडमध्ये भिंतींवरची चित्रं बघा. सँटो डोमिंगोत अरोयोचे कारखाने बाजूला ठेवून रँचो कोरोनाडोची एकसारखी घरं बघितलीत की झालं. पाचव्या गल्लीनंतर सगळं तेच.

पॅसिफिकाला मात्र वेळ द्या. समुद्रकिनाऱ्यावर मोठी हॉटेलं, मॉल, करमणुकीचा पार्क असा बेत होता. युद्ध आलं, पैसेवाले पैसा काढून निघून गेले आणि सगळं अर्धवट राहिलं. पोलिसही इथे फिरकत नाहीत. न झालेल्या इमारतींतून लोकांनी पत्रे आणि कापडं लावून घरं केलीयत. माझ्या मामाची इमारत पुनर्विकासाला जाऊन नऊ वर्षं झाली. प्लिंथच्या वर सळया तशाच उभ्या आहेत, गंजून तांबड्या. बिल्डर फोन उचलत नाही आणि भाडं कधीच बंद झालंय. पॅसिफिकातल्या एका जिन्याला चौथ्या मजल्यानंतर पायऱ्याच नाहीत, नुसत्या सळया आहेत. तिथे मी बराच वेळ थांबले. मामाला दाखवावं असं वाटलं आणि मग वाटलं, नको. पार्कातल्या रोलर कोस्टरमध्ये बसता येतं, ते चुकवू नका.

शेजारचं डॉगटाउन वेगळ्या पैशांचं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या, वेगळ्या विकत घ्यायच्या जोडभागात ते मिळतं आणि गोष्ट पॅसिफिकापर्यंत सरकल्यावर त्याचं दार उघडतं. स्टेडियममध्ये भरलेला चोरबाजार तेवढा बघण्यासारखा, बाकी मला दडपायला झालं.

अजून दोन गोष्टी. मिळालेले पहिले पैसे गाडीवर घालवू नका. शरीराची दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरकडून रीइन्फोर्स्ड टेंडन्स बसवून घ्या. हवेत असताना दुसरी उडी मारता येते आणि छपरांवरचं शहर उघडतं. ते नसताना मी काबुकीत एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जायला गेले होते, त्याविषयी न बोललेलं बरं. आणि नुसतं चालायचा कंटाळा येत असेल तर भिंतींवरची टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांची, चित्रं शोधा. मोठ्या चोरीनंतर ती दिसायला लागतात, एकूण २० आहेत आणि शहरभर विखुरलेली आहेत, त्यामुळे वाट आपोआप आखली जाते. शहराबाहेरच्या बॅडलँड्सच्या वाळवंटात मात्र पायी जाऊ नका. २०२५ च्या जुलैत आलेल्या २.३ अपडेटनंतर गाडी स्वतःच चालते. तिला चालू द्या आणि मागे वळून शहराचे दिवे बघत बसा.

काल रात्री मेट्रोत होते. बारा वाजून गेले होते, उद्या ऑफिस, म्हणून बंद करायला उठले तर आई शेजारी येऊन बसलेली.

‘शेवटची गाडी कितीची?’

‘रात्रभर असतात गं इथे.’

‘मग जाऊ दे की अजून दोन स्टेशनं. ती परवाची गिरणी दिसते का बघू.’