शिडाच्या बोटीवर दोन बॅटऱ्या: इंजिनाची वेगळी, केबिनची वेगळी

मांडवीतून बाहेर पडताना आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर ओहोटी आणि समोरचा वारा एकत्र आले की लाटा उभ्या राहतात. तिथे इंजिन पहिल्या बटणाला सुरू झालंच पाहिजे. रात्रभर फ्रिज, पंखे आणि नांगराचा दिवा ज्या बॅटरीवर चालले, तिच्यावरच स्टार्टरही असेल तर ही खात्री देता येत नाही. म्हणून बॅटऱ्या दोन हव्यात, आणि त्या फक्त चार्जिंग चालू असताना एकमेकींना जोडल्या जाव्यात, तेही कोणी आठवणीने स्विच फिरवण्यावर न सोडता.

१५-२० एचपीच्या डिझेल इंजिनाला ६०-७० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) साधी क्रँकिंग, म्हणजे इंजिन सुरू करायची, बॅटरी पुरते. स्टार्टर २०० अँपिअर ओढतो खरा, पण पाच सेकंदच, म्हणजे ०.३ एएचही खर्च होत नाही. खरी भूक केबिनची असते. दिवसाचा हिशोब असा मांडा: फ्रिज ५० एएच, दोन पंखे आठ तास ८, चार्टप्लॉटर (सागरी नकाशाचा पडदा) ८, व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकायला ५, केबिनचे दिवे ५, मोबाइल ५, एलईडी नांगर-दिवा अडीच. एकूण सुमारे ८३. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे केबिनसाठी १०० एएचच्या दोन हव्यात. दोन्ही एकाच बनावटीच्या, एकाच वेळी घेतलेल्या. समांतर जोडताना पॉझिटिव्ह पहिलीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून काढा, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो.

म्हापसा-मडगावच्या दुकानांत इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी सहज मिळते आणि खोल डिस्चार्जही सोसते. पण बोट २०-२५ अंश कलली की तिचं अॅसिड सांडू शकतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. शिडाच्या बोटीवर सीलबंद एजीएमच (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं) घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या बोटींवर ‘१-२-दोन्ही-बंद’ असा गोल स्विच असतो. ‘दोन्ही’वर राहून गेला की सकाळी दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या. इंजिन चालू असताना चुकून ‘बंद’वरून फिरला की अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा) भार एका क्षणात तुटतो, व्होल्टेज उसळतं आणि त्यातले डायोड जळतात. त्यापेक्षा प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र मेन स्विच द्या आणि दोघींच्या मध्ये तिसरा, फक्त अडीअडचणीला जोडण्यासाठी.

कारखान्यातून आलेल्या वायरिंगमध्ये अल्टरनेटरची जाड वायर बहुधा थेट स्टार्टरच्या टर्मिनलवर गेलेली असते. ती सोडवा आणि नवी केबल मेन स्विचला वळसा घालून थेट हाउस बॅटरीकडे, म्हणजे केबिनच्या जोडीकडे, न्या, कारण भरपाई तिलाच जास्त लागते. दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हमध्ये व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले (व्होल्टेज बघून आपोआप चालणारा स्विच) बसवा. हाउस बॅटरी १३.३ व्होल्टच्या आसपास पोचली की तो जोडतो, १२.८ च्या आसपास उतरली की सोडतो. रिलेची क्षमता अल्टरनेटरपेक्षा जास्त हवी. त्याच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. बरेच जण एकच लावतात. रिलेऐवजी डायोडचा आयसोलेटर स्वस्त पडतो, पण ०.६-०.७ व्होल्ट खातो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

रिले टिकटिक करतो पण स्टार्टिंग बॅटरी भरत नाही, अशी तक्रार असेल तर आधी निगेटिव्ह पाहा. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकाच बसबारवर (धातूच्या जोडपट्टीवर) आणि पॉझिटिव्हइतक्याच जाड केबलने यायला हवेत.

केबलची जाडी अंदाजाने घेऊ नका. ०.०१७५ गुणिले जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, भागिले चालणारी व्होल्टेजची घट: उत्तर स्क्वेअर एमएममध्ये. ६० अँपिअरचा अल्टरनेटर, जाऊन-येऊन ६ मीटर, घट ०.३ व्होल्ट: २१ येतात, म्हणून २५ ची केबल आणि बॅटरीच्या टोकाला १०० अँपिअरचा फ्यूज. स्टार्टरला २०० अँपिअर, ४ मीटर, ०.५ व्होल्ट धरले तर २८ येतात, म्हणून ३५ ची. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडची केबल घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काही नसतं. स्टार्टरच्या केबलला मात्र सहसा फ्यूज देत नाहीत, म्हणून ती घासणार नाही अशी बांधा.

इथल्या दमट खाऱ्या हवेत टिन केलेलीच वायर घ्या. साधं तांबं लगच्या (केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडातून ओल ओढतं. बाहेरून लग ठीक दिसतो, पण आवरण सोललं की आत वीतभर तार काळी पडलेली, वाकवली की तुटणारी. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा, हातोडीने नाही. वरून गोंदवाली हीट श्रिंक चढवा. काम झालं की स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी स्टार्टरच्या टर्मिनलवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी सांधा खराब आहे. तसंच इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्येही बघा.

हाउस बॅटरी लिथियम असेल तर रिले चालत नाही. ती विश्रांतीतही १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते, म्हणून रिले सुटतच नाही. आणि ती इतका करंट ओढते की छोटा अल्टरनेटर तापून जळतो. तिथे अल्टरनेटर स्टार्टिंग बॅटरीवरच ठेवा आणि मध्ये २०-३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी ठरावीक करंटने भरणारा) घाला.

चार्जरला तापमानाचा सेन्सर जोडा. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असतील तर ३५ अंशांना १४.२ पुरतात; गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद लॉकर त्याहूनही तापतो. बॅटऱ्या इंजिनाच्या खोलीत नकोतच.

पावसाळ्यात बोट नदीतच ठेवणार असाल तर बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह थेट हाउस बॅटरीवर हवा. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी चढलं की पंप सुरू करणारा फ्लोट स्विच कचऱ्याने अडकून चालू राहिला तर ३ अँपिअरचा पंप दिवसाला ७२ एएच खातो. निम्म्यापर्यंतच उतरवायच्या म्हटल्या तर दोन बॅटऱ्या दीड दिवसही पुरत नाहीत. ताडपत्री घालताना सोलर पॅनल तिच्या बाहेर ठेवा, फ्लोटभोवती जाळी लावा आणि आठवड्याला एकदा व्होल्टेज बघा. बॅटरी विश्रांतीत १२.४ च्या खाली दिसली की तिला त्याच दिवशी चार्जर लावा.