टॉम शोल्झ आणि बॉस्टनचा आवाज

बॉस्टन या अमेरिकन बँडचे गाणे सुरू झाले की हजारो श्रोत्यांनी खचाखच भरलेले स्टेडियम डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात १९७६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे बहुतांश ध्वनिमुद्रण मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथे, एका घराच्या तळघरात झाले होते. ते तळघर टॉम शोल्झ यांचे. एमआयटीतून यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतलेले शोल्झ दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी करीत आणि पगारातला पैसा ध्वनिमुद्रणाच्या सामग्रीत घालीत.

मला त्यांच्या कारकिर्दीत सर्वाधिक मोह पडतो तो या तळघरातल्या कामाचा. गिटारचा एक भाग मुद्रित करायचा, त्यावर दुसरा चढवायचा, मग त्यांच्याशी स्वरमेळ साधणारा तिसरा, आणि मनासारखे होईपर्यंत ते पुसून पुन्हा वाजवायचे. बास आणि ऑर्गनही बव्हंशी त्यांनीच वाजवला. ब्रॅड डेल्प या विलक्षण गायकाने आपल्याच आवाजाचे थर तशाच चिकाटीने रचले. अल्बम काढणाऱ्या एपिक या ध्वनिमुद्रिका कंपनीला हे काम व्यावसायिक स्टुडिओत व्हायला हवे होते. तेव्हा निर्माते जॉन बॉयलन बाकीच्या बँडला घेऊन लॉस एंजेलिसला गेले आणि शोल्झ घरीच मुद्रण करीत राहिले. पुढे एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या १ कोटी ७० लाख प्रती खपल्या.

घरात काम करण्याची एक अडचण होती. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालवला तरच गिटारला तो भरदार, खरखरीत नाद येतो, आणि तेवढा आवाज घरात सोसवत नाही. शोल्झ यांनी अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारे, जादा शक्ती शोषून घेणारे उपकरण तयार केले. पुढे ते ‘पॉवर सोक’ या नावाने बाजारात आले. त्यानंतर १९८२च्या सुमारास हेडफोन लावून वाजवता येणारा, कमरेला अडकवता येईल एवढा छोटा ‘रॉकमन’ आला आणि त्या दशकातील कितीतरी गिटारवादकांनी तो वापरला.

दुसरा अल्बम १९७८ साली आला, पण तो घाईत काढावा लागला ही खंत शोल्झ यांना राहिली. तिसऱ्याच्या वेळी ते अडून बसले. एपिकची मालक कंपनी सीबीएस हिने करारभंगाचा दावा लावला, कज्जा वर्षानुवर्षे चालला आणि अखेरीस निकाल शोल्झ यांच्या बाजूने लागला. ‘थर्ड स्टेज’ १९८६ साली एमसीए या दुसऱ्या कंपनीतर्फे प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. मधली आठ वर्षे वाया गेली असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही, कारण त्या अल्बममधील गिटारचा नाद याच काळात त्यांनी स्वतः घडवलेल्या रॉकमन उपकरणांतून आलेला आहे.