पॉवर नको, वजन बघा

"हॉर्सपॉवर काय विचारताय, वजन विचारा," गाडी विकणारे आजोबा आज म्हणाले आणि ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

वीकेंडला फिरवायला दोन सीटची गाडी घ्यायचीय, इथे इंग्लंडमध्ये जुन्या चांगल्या मिळतात, आणि मी लोटस एलिस की माझदा एमएक्स-५ यात अडकलोय. एलिस आली १९९६ ला, तेव्हाची जेमतेम सव्वासातशे किलो, ॲल्युमिनियमची चॅसी चक्क गोंदाने चिकटवलेली, पण दाराखालचा उंबरा इतका उंच आणि रुंद की छत लावलेलं असेल तर अंग दुमडूनच आत शिरायचं. स्टिअरिंगला पॉवर असिस्ट नाही, रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो!

आताची एमएक्स-५ टनाच्या आसपास. पण एक क्लिप काढली की बसल्या जागेवरून एका हाताने छत मागे, आणि गिअर असा खटकन पडतो की उगाचच बदलत राहावंसं वाटतं. बायकोला सोबत न्यायचं तर हीच बरी.

हल्ली साध्या फॅमिली गाड्यासुद्धा दीड टनाच्या असतात, एवढं लोखंड आपण कशासाठी ओढत फिरतो कळत नाही.

माझं मन एमएक्स-५ कडे झुकलंय. दोन्ही चालवलेलं कोणी आहे का इथे?