फेव्हिकॉल नको, सरस

ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या अकोटा भागातल्या घरांमध्ये शिरलं, त्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा चेलोही, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, भिजला. पाणी ओसरल्यावर तिचे बाबा तो चादरीत बांधून दांडिया बाजारात माझ्याकडे घेऊन आले. नदीतून आलेली मगर दिसली का, हे त्या आठवड्यात बडोद्यात कुणीही कुणालाही विचारत होतं. त्यांनी न विचारताच सांगितलं, दिसली.

चादर सोडली. पुढची पाटी वेगळी, मागची वेगळी, बाजूच्या पातळ पट्ट्या सुटून आलेल्या. मुलगी खिडकीबाहेर बघत उभी. बाबांनी पिशवीतून फेव्हिकॉलचा डबा काढला. "ताई, रात्रीतून चिकटवून टाकतो. गणपतीत वाजवायचंय ना तिला."

डबा मी आधी त्यांच्या हातातून काढून घेतला. लाकूड कुठेही चिरलं नव्हतं, नुसते सांधे सुटले होते. चेलो जोडतात जनावरांच्या कातड्याच्या सरसाने. तो ओलाव्याने, उबेने सुटतो आणि सुटावा म्हणूनच वापरतात. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आकसतं, पावसात फुगतं. त्या ओढाताणीत सांधा सुटला तर पाटी वाचते. फेव्हिकॉलचा सांधा हटत नाही, मग चीर जाते ती लाकडाला. शिवाय पुढच्या दुरुस्तीला वाद्य उघडायचं कसं?

एवढ्यात चादरीतून बोटाएवढ्या जाडीची एक काडी खाली घरंगळली. मुलीने ती उचलली. "ही चिकटवायची राहून गेली होती का?"

ती साउंडपोस्ट. तिला कधीच चिकटवत नाहीत. दोन पाट्यांच्या मध्ये ती तारांच्या दाबावर उभी असते आणि केसभर सरकली तरी आवाज बदलतो. मग मुलीला पुढच्या पाटीला आतून चिकटवलेली लांब लाकडी पट्टी, बेसबार, दाखवला, जाड तारांच्या बाजूचा. इतकी वर्षं शिकवताना हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवत आले. त्या दिवशी तिने त्यावरून बोट फिरवलं. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले.

दुपार वाळवण्यात गेली. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. बाजूच्या पट्ट्यांचा बाक जाऊ नये म्हणून त्या जुन्या साडीच्या चिंध्यांनी आकारात बांधून ठेवल्या. जर्मन संगीतकार बाखच्या चेलोसाठीच्या सुइट्सचं, म्हणजे रचनामालांचं, पुस्तकही भिजलं होतं. मी म्हटलं, रडू नकोस, खुद्द बाखच्या हातची प्रत तरी कुठे उरलीय? त्याच्या बायकोने, आना माग्डालेनाने उतरवलेली उरली, त्यावर सगळं जग वाजवतंय.

संध्याकाळी तिने माझ्या चेलोवर पहिल्या सुइटचा प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, काढला. गणपतीतही तोच चेलो नेला.

तिचा चेलो मुंबईच्या कारागिराने सरसानेच जोडला, दिवाळीनंतर परत आला. खर्जाची तार आता थोडी घुमी वाजते. मला ते खटकतं, साउंडपोस्ट जरा हलवून बघायला हवी. ती म्हणते, असू दे. यावर आमचा वाद अजून चालू आहे.