जिप्सीसाठी फ्लेक्स रॅम्प बनवला, त्याचा माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात मित्राच्या उसाकडं जाताना ट्रॅक्टरच्या चाकोरीत माझी मारुती जिप्सी तिरकी बसली, मागचं डावं चाक उचललं आणि पुढचं उजवं हलकं झालं, मग फोर लो (चारी चाकांना ताकद देणारा हळू, जोरकस गियर) लावून पण उपयोग नाही, दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारा भाग) ओपन, म्हणजे लॉक नसलेले असल्यामुळं वजन नसलेली चाकंच गरगर फिरत राहिली. गाडी नीट होती, टायर नवे होते, मग अडलं कुठं? हे चिखलात वाकून दिसत नाही. म्हणून फ्लेक्स रॅम्प, म्हणजे गाडीची चाकं किती वर-खाली होऊ शकतात हे दाखवणारा उतार, बनवायचं ठरवलं.

कल्पना सोपी आहे. २० अंशाच्या उतारावर पुढचं एकच चाक चढवायचं, बाकी तीन जमिनीवर. उरलेल्यांपैकी एखादं उचललं (बहुतेक वेळा त्याच बाजूचं मागचं) की थांबायचं, रॅम्पच्या पायथ्यापासून चाकापर्यंतचं अंतर उतारावरून मोजायचं, त्याला व्हीलबेसनं (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) भागायचं आणि १००० नं गुणायचं. हा झाला आरटीआय (रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स) स्कोअर. १००० आला म्हणजे चाक उतारावरून अख्ख्या व्हीलबेसइतकं वर गेलं. काहीजण २३ किंवा ३० अंशाचे रॅम्प पण वापरतात, पण त्यावरचे आकडे २० वाल्याशी ताडून बघू नका, काही अर्थ नाही.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडं गेलो. अंश-बिंश नको, सरळ मापं सांग म्हणाले. मग उताराची लांबी ८ फूट धरली, म्हणजे उंची ८३४ मिमी आणि खालची लांबी २२९१ मिमी, काटकोन बरोबर लागला की २० अंश आपोआप येतात. रुंदी २ फूट. त्यांचं म्हणणं होतं की हजार किलोच्या आसपासची गाडी, एका चाकावर पाव वजन, अँगलमध्ये होऊन जाईल. इथं मी अडून बसलो, कारण गाडी तिरकी झाली की कर्णातली दोनच चाकं सगळं वजन घेतात, म्हणजे रॅम्पवरच्या चाकाखाली जवळपास निम्मी गाडी येते. शेवटी ७५ मिमीचा सी-चॅनेल, वर ५ मिमीची चेकर प्लेट, दर दीड फुटाला आडवा सपोर्ट आणि उंच टोकाच्या पायांना तिरके आधार. वेल्डिंग आधी नुसतं टॅक केलं (ठिकठिकाणी टिपके मारले), मापं परत घेतली, मग पूर्ण मारलं. ह्यात घाई करू नका, चॅनेल गरम होऊन ओढतो.

पहिल्याच दिवशी रॅम्प काँक्रीटवर वीतभर पुढं सरकला. टू व्हील ड्राइव्हवर (ताकद फक्त मागच्या चाकांना) पुढचं चाक नुसतं लोटलं जातं आणि रॅम्पला पुढं ढकलतं. खाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे टाकले आणि फोर लो पहिल्या गियरवर क्लचला पाय न लावता हळू चढवली, तर हलला नाही. खाली येताना पण लो मध्ये रिव्हर्स गियरवरच, स्टिअरिंग सरळ. एक माणूस समोर लांब उभा राहून चाकं बघणार, बाजूला कुणीही नाही, आणि ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही.

जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. डावीकडून १०८५ मिमी चढली, म्हणजे स्कोअर ४५७. उजवीकडून फक्त १०१०, म्हणजे ४२५. हा फरक बघून मला खरं समाधान वाटलं, कारण इतके दिवस नुसता अंदाज होता आणि आता गाडी स्वतः दाखवत होती कुठं दुखतंय ते. उजवीकडचा मागचा पाटा (स्प्रिंगच्या पानांचा संच) खोलला तर शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचा, बुश गंजून पार जाम. चारी पाटे उतरवले, पानं सुटी करून घासली, ग्रीस केलं, बुश नवे टाकले. स्कोअर झाला डावी ४८८, उजवी ४८४. शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) न बदलता.

मग लांब शॉकप बसवले आणि इथं रॅम्पचे पैसे वसूल झाले. डावं चाक चढवल्यावर पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) दोरीसारखा ताणलेला दिसला. हे घाटात कळलं असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही. लांब होज बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढली नाही. दाबलेल्या बाजूला पण बघा, शॉकप तळाला लागायच्या आधी बंपस्टॉप (धक्का अडवणारा रबराचा ठोकळा) टेकला पाहिजे, नाहीतर शॉकप फुटतो. माझा टेकत नव्हता, खाली २० मिमीचा पॅकिंगचा तुकडा द्यावा लागला.

आता डावी १३१० मिमी, म्हणजे ५५२. उजवी १२६५, म्हणजे ५३३. हा ४५ मिमीचा फरक शोधायचाय. सगळे बुश नवे आहेत, पाटे सारखे आहेत, राहता राहिलं माझं स्वतःचं वजन, जे उजव्या सीटवर असतं. पुढच्या रविवारी डाव्या सीटवर माझ्याइतक्या वजनाची वाळूची पोती ठेवून दोन्ही बाजू परत मोजणार आहे.