संमेलन आणि 'संशयकल्लोळ'

दीपप्रज्वलन, अहवाल, सत्कार हे सगळं मंडळाच्या संमेलनात रीतीप्रमाणे होतंच. सदाशिव पेठेतली जुनी मंडळी खरी येतात ती त्यानंतरच्या 'संगीत संशयकल्लोळ'साठी. या नाटकाचा धागा थेट मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनापर्यंत जातो, पण गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा संसार अस्सल मराठी केला. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं तो गाण्यांसह रंगभूमीवर आणला.

सगळा घोळ एका तसबिरीचा. रेवतीला घेरी येते, संशयी फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, तर ती तिच्या हातात फाल्गुनराव बघतो. म्हणून तसबीर शेवटच्या रांगेतून दिसायला हवी. साधारण सहा इंच बाय चार, चौकट सोनेरी, काच मात्र नको, कारण दिवा चमकला की आतलं काही दिसत नाही. आत त्या वर्षीच्याच अश्विनशेठचा फोटो. तसबीर कुठल्या विंगेतून आत गेली आणि पुढे कुठून येणार, याचा कागद दोन्हीकडे चिकटवायचा. एवढं करूनही ती भलत्याच विंगेत राहते, म्हणून जोडीला दुसरी तयार असते.

फाल्गुनरावानं प्रेक्षकांकडे बघून हशा मागितला की प्रवेश कोसळलाच. त्याची तडफड त्याच्यापुरती खरी असते. कृत्तिकाही कजाग नव्हे, नवऱ्यावर जीव आहे म्हणून धुमसते.

पण दरवर्षी गलबलून येतं ते रेवतीच्या प्रवेशाला. ती नायकिणीची, म्हणजे गणिकेची मुलगी, आणि अश्विनशेठला तिच्याशी रीतसर लग्न करायचंय. फाल्गुनराव कितीही संशय घेवो, कृत्तिका त्याची बायकोच राहते. रेवतीवर संशय आला तर लग्नच बारगळतं, वर 'अशा घरातली पोर अशीच' म्हणायला लोक मोकळे. देवलांनी हसवता हसवता हे केवढं धाडसानं मांडलंय! म्हणून 'संशय का मनी आला' हे रेवतीचं पद तानांनी भरायचं नसतं. शब्द पोचले पाहिजेत, चार-पाच मिनिटांत पद आटोपलं पाहिजे. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या: रेवती काळी चारमध्ये गाते, अश्विनशेठ काळी एकमध्ये. त्यामुळे ऑर्गनवाल्यानं शेवटच्या वाक्याखालीच नवा सूर हळूच धरावा लागतो, नाहीतर अश्विनशेठचं 'कर हा करी धरिला शुभांगी' चाचपडत सुरू होतं.

एक सल मात्र आहे. मध्यंतरात वडा-चहा झाला की पुढच्या रांगा विरळ होतात, त्याही पासवाल्यांच्या. तिकीट काढून मागे बसलेले शेवटच्या पदापर्यंत हलत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनाच पुढे बसवावं.

राबणाऱ्यांपैकी कुणी राहू नये म्हणून सगळ्यांनाच लिहितो: ऑर्गन, तबला, रंगभूषा, पडदेवाले, दिवे-माइक सांभाळणारे, नऊवार नेसवणाऱ्या मावशी, पागोटी बांधणारे आजोबा, इस्त्रीवाले, टेम्पोवाले, मंडईतून गजरे आणणाऱ्या काकू, वडे तळणारे, दारावर पास तपासणारी मुलं, खुर्च्या आवरणारी मुलं, विंगेत वही घेऊन उभे राहणारे प्रॉम्प्टर. आणि घरून जुनी सोनेरी चौकट देणारे, दरवर्षी न मागता देणारे.