यंदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नव्या वहीत संकल्प एकच लिहिलाय: यंदा पूर्ण वारी चालायची. पहाटे उठणं, गोड कमी करणं, चार पैसे मागे टाकणं हे सगळं मनात आहेच, पण ते वारीच्या पोटात आपोआप होईल. दिवसाला वीसेक किलोमीटर चालायचं म्हटल्यावर झोप कुठली लांबवायची!

आजवर माझी वारी एका दिवसाची, हडपसर ते सासवड. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांबचा, सुमारे ३२ किलोमीटरचा, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. माऊलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या जुंपतात. संध्याकाळी सासवड आलं की आम्ही एकदिवशी वारकरी एसटी शोधू लागतो, बाकीचे तळाकडे वळतात. तिथून मागे फिरणं मला दर वर्षी जड जातं.

एकदा मी तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून होते त्या समाज आरतीला थांबले होते. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर धरला आणि टाळांचा तो कल्लोळ क्षणात शांत झाला. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचा पुकारा. एवढ्या लाखांच्या गर्दीत कुणा म्हातारबाबांचा चष्मा पुकारला जातो, हे ऐकून माझे डोळे भरून आले होते.

माझी आजी लोणंदला पालखीत मिळायची. पिशवीत दोन लुगडी, फणी, खोबरेलाची बाटली. मुक्कामाला आधी शेजारणीच्या पायांना तेल चोळायची, मग स्वतःच्या. शेताचं कसं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पेरलंय, आता त्याचं तो बघंल." मला तिचं हे निर्धास्तपण हवंय. ऑफिसातून घरी आले तरी माझं डोकं तिथेच अडकलेलं असतं. सलग अठराएक दिवस फक्त चालणं, टाळ, आणि समोर येईल त्याला माऊली म्हणणं, याची मला मनापासून ओढ लागलीय.

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून गेल्या वर्षी ६ जुलैला आलेली आषाढी या वर्षी २५ जुलैला आहे आणि आळंदीचं प्रस्थानही जुलैत गेलंय. पाऊस वेळेवर झाला तर कितीतरी माणसं पेरण्या उरकून, मोकळ्या मनाने निघतील. तसंच होऊ दे. फक्त अंगावर घ्यायला प्लास्टिकचा चांगला जाड कागद लागेल, ऐन पावसात चालायचंय!

लोणंदच्या पुढचं मी सगळं टीव्हीवरच पाहिलंय. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, तिथे मला उभं राहायचंय. माळशिरस तालुक्यातल्या गोल रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला लोक धावतात, त्यांच्यात जायचंय. आणि त्याआधी नीरेत पादुकांना स्नान घालतात ते काठावरून डोळे भरून बघायचंय.

तयारी आजपासून. सकाळी पाच किलोमीटर चालून आले, होळीपर्यंत दहावर न्यायचं. चप्पल आत्ताच घेऊन मळवायची, नवी कोरी घालून निघालं की पहिल्याच टप्प्यात फोड येतात. हरिपाठ पाठ करायचा, निदान दिंडीत तोंड हलवत बसायला नको. ऑफिसात रजेचं याच महिन्यात सांगून ठेवते, जुलैत ऐनवेळी कुणी सोडणार नाही.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "वाखरीला मी येते, शेवटचा टप्पा तुझ्याबरोबर चालेन." तिचे गुडघे तोवर बरे राहू देत, एवढंच मागणं आहे. रविवारी आजीच्या गावच्या दिंडीप्रमुखांना फोन करून भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणाखाणाची वर्गणी, किती ते विचारते आणि नाव नोंदवून टाकते.